बूट नंतर, आधी वही

आजारपणानंतरच्या थकव्यासाठी माझ्याकडे व्यायाम सुरू करायचा ठरला की पहिला फोन हमखास बुटांसाठी येतो. "मॅडम, कुठले घेऊ?" कोविड होऊन चार-सहा महिने झालेले असतात, ताप केव्हाच गेलेला, रिपोर्ट नॉर्मल, पण जिना चढला की धाप लागते आणि दुपारनंतर डोकं चालत नाही. बूट आहेत तेच चालतील. आधी एक वही आणा. शाळेची, आखीव, शंभर पानी.

त्या वहीत पहिल्या सेशनच्या आधीचे पंधरा दिवस लिहून काढायचे. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी. दिवसभरात काय केलं ते. रात्री थकवा दहापैकी किती. मात्र "घरकाम केलं" असं मोघम लिहिलेलं मला उपयोगाचं नाही. "उभ्याने दहा पोळ्या", "दुसरा मजला एकदा, हातात भाजीची पिशवी", "ऑफिसची मीटिंग, दीड तास" असं लिहा. मीटिंग मुद्दाम सांगते, कारण डोक्याचं काम आणि घरातली वादावादीसुद्धा माणसाला तितकीच थकवते.

एवढा आग्रह का, ते सांगते. एक शिक्षिका यायच्या. रविवारी बरं वाटलं म्हणून त्यांनी माळा साफ केला. सोमवार चांगला गेला. मंगळवारी केस विंचरायला हात वर जाईना. वहीत मंगळवारच्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं, "हवा ढगाळ." माळ्याचा आणि मंगळवाराचा संबंध त्यांच्या लक्षातच आला नव्हता, वही उलटी चाळली तेव्हा महिन्यात तीनदा हेच झालेलं दिसलं. याला पोस्ट एक्झर्शनल मलेज म्हणतात, बोलताना आम्ही पीईएम म्हणतो. श्रम आज, त्रास काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी, आणि तो कधी कधी आठवडाभर पुरतो. व्यायामानंतर अंग दुखणं वेगळं. इथे ताप आल्यासारखं वाटतं, झोप होऊनही विश्रांती मिळत नाही, शब्द आठवत नाहीत.

वहीत हे दिसलं, तर "दर आठवड्याला दहा टक्के वाढवा" छापाचा तक्ता तुमच्यासाठी नाही. कुणी तो हातात दिला तर "हा मला चालेल का?" असं विचारा. हा वाद जुना आहे. ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या नाइस या संस्थेने 2007 मध्ये एमई म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या, म्हणजे असाच पीईएम असलेल्या दीर्घ थकव्याच्या आजाराच्या, रुग्णांना टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याचा व्यायाम सुचवला होता. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये तिनेच तो सल्ला मागे घेतला. दुसरीकडे, 2024 मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात रीगेन नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात आठ आठवडे ऑनलाइन, देखरेखीखाली व्यायाम आणि मानसिक आधार दिल्यावर लोकांचं रोजचं जगणं थोडं सुधारलं. पण ती माणसं कोविडसाठी रुग्णालयात राहून आलेली होती. घरीच आजार काढलेल्या आणि पीईएम असलेल्या माणसाला तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. तुम्ही कुठल्या गटातले, हे ठरवायलाच ती वही.

आता कागद. डिस्चार्ज कार्ड, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, बी-12 चे अलीकडचे रिपोर्ट एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये, तारखेप्रमाणे. औषधांच्या पट्ट्या सोबत आणा, "बीपीची पांढरी गोळी" म्हणून भागत नाही. काही गोळ्या नाडी दाबून ठेवतात, मग नाडीवर विसंबून ठरवलेला व्यायाम फसतो. छातीत दुखलं असेल, धडधड होत असेल, चक्कर येऊन पडला असाल, तर माझ्याकडे येण्याआधी ईसीजी आणि डॉक्टर सांगतील तर टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदयाच्या स्नायूला सूज येऊन गेली असेल तर जोराचा व्यायाम तीन ते सहा महिने बंद असतो आणि पुन्हा केव्हा सुरू करायचा ते हृदयाचे डॉक्टर सांगतात. मी सांगत नाही.

उभं राहिलं की गरगरतं, अशांनी घरच्या कुणाला शेजारी बसवून एक मोजणी करावी. दहा मिनिटं आडवं पडून नाडी मोजा, मग भिंतीला पाठ टेकून उभे राहा आणि दर मिनिटाला नाडी लिहा, दहा मिनिटं. गरगरलं तर लगेच बसा, पूर्ण करण्याचा हट्ट नको. मोठ्या माणसाची नाडी 30 किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. अशांचा व्यायाम झोपून किंवा बसूनच सुरू होतो, चालण्याने नाही.

ऑक्सिमीटर बहुतेक घरांत 2021 पासून खणात पडलेला असतो. सेल बदला. नेलपॉलिश एका बोटावरची तरी काढा. गडद मेंदीनेही आकडा चुकू शकतो. हात थंड असतील तर चोळून मग लावा. हालचाल करताना ऑक्सिजनचा आकडा बसल्या जागेपेक्षा 3 किंवा त्याहून जास्त उतरला तर थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं.

खुर्ची बिनहाताची, न हलणारी, भिंतीला लावलेली. प्लास्टिकची बागेतली नको, ती सरकते. ओट्याशी उंच स्टूल ठेवा, बाथरूममध्ये बसायला पाट किंवा स्टूल. व्यायामाला लागणारी ताकद आधी पोळ्या आणि आंघोळीतून वाचवावी लागते. घरच्यांशीही बोलून ठेवा. "जरा हिंडलीस की बरं वाटेल" असं म्हणणाऱ्या सासूबाईंना आणि काकांना वहीची दोन पानं वाचून दाखवा. माझ्या बोलण्यापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो, हा अनुभव आहे.

चिकुनगुनियानंतर सांधे धरलेल्यांची तयारी थोडी वेगळी. सकाळचा आखडलेपणा किती मिनिटं टिकतो ते लिहा, आणि सकाळी सातची वेळ घेऊ नका, कारण तेव्हा मूठच मिटत नसते. सांधा सुजलेला, लाल असेल तर आधी डॉक्टर.

पहिल्या दिवशी जेवून लगेच येऊ नका, उपाशीही नको. सैल कपडे, पाण्याची बाटली, वही, फाइल. दुचाकी नको, रिक्षाने या. परत जाताना काय अवस्था असेल ते आधी सांगता येत नाही. त्या दिवशी मी तुम्हाला फारसं काही करायला लावणार नाही, फीच्या मानाने फारच कमी वाटेल. सलग दोन वाक्यं न थांबता बोलता येतील, इतपतच. दुसऱ्या दिवशी पाहुणे, लग्न, बँक यांतलं काही ठेवू नका. आणि कसं वाटतंय ते सांगायला त्याच संध्याकाळी फोन नको, परवा करा.