खाडा पडला तरी सूर्यनमस्कार सुरू कसे ठेवावेत

रथसप्तमीला उत्साहाने १०८ नमस्कार घालायचे, दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून याव्यात की जिना उतरवू नये, आणि आठवड्याभरात चटई पुन्हा कपाटावर. माझं हे दोनदा झालं. तिसऱ्यांदा तीन नमस्कारांपासून सुरुवात केली आणि तेव्हाच ते टिकले. म्हणून आधी सांगतो: तीनच घाला.

पहिले दोन आठवडे रोज तीन. दीड-दोन मिनिटांचं काम आहे. अंगात जोर असेल त्या दिवशीही चौथा घालू नका. आज दहा घातले की उद्याचे तीन उगाच क्षुल्लक वाटू लागतात. तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला एक वाढवा. अकराव्या आठवड्यात बारा होतील. सूर्याची नावंही बाराच, ‘ॐ मित्राय नमः’पासून ‘ॐ भास्कराय नमः’पर्यंत. एकेका नमस्काराला एकेक नाव घेतलं की वेगळं मोजावं लागत नाही. गुडघ्याचं किंवा कंबरेचं दुखणं, रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

वेळ घड्याळावर ठरवू नका, रोजच्या एखाद्या कामाला बांधा. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले होते. शाळेत घंटा असते, वेळापत्रक असतं. घरात ती घंटा आपल्यालाच शोधावी लागते. माझी घंटा म्हणजे दात घासणं. दात घासले की तीन नमस्कार, मग चहा. पाळीची नोकरी असेल तर आंघोळीच्या आधी घाला. फक्त पोट रिकामं हवं. चटई रात्रीच खिडकीपाशी काढून ठेवा.

नमस्कार सावकाश घाला. मागे वाकताना श्वास आत, पुढे वाकताना बाहेर. हात जमिनीला टेकत नसतील तर गुडघे थोडे वाकवा, काही बिघडत नाही.

आता खाड्याचं. खरी परीक्षा इथेच असते. कधी पाहुणे येतात, कधी पहाटेची एसटी पकडायची असते, कधी नुसताच कंटाळा येतो. एक दिवस चुकतो आणि मन म्हणतं, ‘मोडलंच आता, पुढच्या एक तारखेपासून नव्याने सुरू करू.’ या बोलण्याला अजिबात भुलू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले; कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. पण अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

दुधाच्या हिशेबासाठी आपण कॅलेंडरवर खाडे मांडतो. नमस्कारांचेही तसेच मांडा. घातले त्या दिवशी काही लिहायचं नाही. चुकले त्या दिवसाच्या चौकटीत फुली. नियम एकच: शेजारच्या दोन चौकटींत फुली येऊ द्यायची नाही. काल चुकलं असेल तर आज कितीही घाई असो, एक नमस्कार घालायचाच. लॉजच्या खोलीत, टॉवेल अंथरून घातलेला एक नमस्कारही चालतो. आणि कालचे राहिलेले आज जादा घालून भरपाई करू नका, त्याने दुसऱ्या दिवशी अंग दुखून आणखी एक खाडा पडतो.

महिनाअखेरीला फुल्या नीट बघा. माझ्या बहुतेक फुल्या सोमवारच्या निघाल्या, कारण रविवारी रात्री जागरण व्हायचं. मग उपाय नमस्कारांत नव्हता, रविवारच्या झोपेत होता. तुमच्या फुल्या कोणत्या वाराला पडतात ते पाहा आणि त्याच्या आदल्या रात्री काय घडतं ते बदला.

तापाने आठ-दहा दिवस गेले, तर ते दिवस फुलीत धरू नका. अंगात ताकद आली की चटई काढा आणि पुन्हा तीनपासून सुरू करा.