आयताकृती तोंड, गोल नळी: फ्रीकॅडमध्ये लॉफ्टने पोकळ आकार

सुतारकामाच्या यंत्राखालून धूळ ओढायची तर तोंड आयताकृती लागतं आणि त्याला जोडायचा पाइप मात्र गोल असतो. आयताचा हळूहळू गोल होत जाणारा मधला तुकडा फ्रीकॅड या त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरमधल्या पॅड (आकृती सरळ उचलून घन करणं), पॉकेट (तशीच सरळ कोरणं), रिव्हॉल्व्ह (अक्षाभोवती फिरवणं) यांतल्या कशानेही निघत नाही, तिथे एका आकृतीतून दुसरीत जाणारा घन, म्हणजे लॉफ्टच लागतो. दोन स्केचं (सपाट आकृत्या) निवडली, बटण दाबलं की लॉफ्ट होतो खरा, पण बहुतेकदा तो पिळलेल्या टॉवेलासारखा दिसतो. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. आयताची कुठली बाजू वर्तुळाच्या कुठल्या भागाकडे न्यायची, हे आपण त्याला सांगितलेलंच नसतं.

खालची कृती फ्रीकॅड १.० च्या पार्ट डिझाइन वर्कबेंचमधली (साधनांच्या संचातली) आहे. बटणांची नावं सोडली तर इतर पॅरामेट्रिक कॅडमध्येही (माप बदललं की आकार आपोआप बदलणाऱ्या) गणित हेच.

मापं

तोंड आतून १६० × ६० मिमी, कोपऱ्यांची आतली त्रिज्या १० मिमी. पाइप आतून १०० मिमी, तो आपल्या नळीवर बाहेरून बसणार, म्हणून नळीचा बाहेरचा व्यास ९९.६ मिमी. भिंत २.४ मिमी, म्हणजे नळी आतून ९४.८ मिमी, आतली त्रिज्या ४७.४. मधल्या बदलत्या भागाची उंची १२० मिमी, तोंडाखाली १५ मिमीची सरळ कॉलर, वर ४० मिमीची सरळ नळी. एकूण उंची १७५ मिमी. २२० × २२० मिमीच्या प्रिंटरवर हे आरामात मावतं. पाइपाचं माप मात्र कॅलिपरने स्वतः घ्या, पाकिटावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका.

ही सगळी मापं आधी स्प्रेडशीटमध्ये टाका आणि प्रत्येक खान्याला टोपणनाव द्या: रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता. ‘मिमी’सारख्या एककाचं किंवा खान्याच्या पत्त्यासारखं नाव फ्रीकॅड स्वीकारत नाही. स्केचमध्ये माप देताना बरोबरचं चिन्ह दाबलं की सूत्राची खिडकी उघडते, तिथे हे नाव वापरायचं. तोंडाची बाहेरची मापं वेगळी लिहू नका. ती आतल्या मापात भिंतीची जाडी मिळवून सूत्रानेच काढा. नळीचं मात्र उलट: बाहेरचा व्यास पाइपाने ठरतो, म्हणून आतला व्यास त्यातून भिंत वजा करून काढा. म्हणजे उद्या भिंत ३ मिमी करायची झाली तर एकच आकडा बदलावा लागेल.

बाजूंची जोडी ठरवणं

कोपरे गोलावलेल्या आयताला ८ कडा असतात: ४ सरळ, ४ कोपऱ्यांचे आर्क (वर्तुळकंस). नुसत्या वर्तुळाला एकच कड असते आणि एकच शिरोबिंदू. अशा दोन स्केचांचा लॉफ्ट करायला सांगितला की आतलं भूमितीचं इंजिन वर्तुळाचे तुकडे स्वतःच्या हिशोबाने पाडतं, आणि पीळ पडतो तो इथे. त्यामुळे वर्तुळही ८ आर्कचंच काढायचं.

ते कुठे तोडायचं, यावर सगळा आकार ठरतो. डक्टिंगचा पत्रा कापणारे कारागीर चौकोन ते गोल असा तुकडा बनवताना आयताच्या प्रत्येक बाजूवर एक सपाट त्रिकोण उभा करतात. त्याचं टोक वर्तुळाच्या त्याच बाजूच्या मध्यावर जातं. दोन त्रिकोणांमधल्या कोपऱ्यात शंकूचा तुकडा बसतो. म्हणजे आयताचा कोपरा फुलत फुलत वर्तुळाचा जवळजवळ पाव भाग होतो आणि सरळ बाजू आकसत जवळजवळ शून्यावर येते. आपल्यालाही हेच करायचंय. फक्त बाजू पूर्ण शून्यावर न्यायची नाही, ६ अंशांचा छोटा आर्क ठेवायचा. ४७.४ त्रिज्येवर तो साधारण ५ मिमी भरतो. कोपऱ्याच्या वाट्याला ८४ अंश येतात. ६ अंशांऐवजी अर्धा अंश ठेवायचा मोह होतो, पण त्याने सुईसारखे फेस (पृष्ठभागाचे तुकडे) तयार होतात आणि पुढे फिलेट (कडा गोलावणं) किंवा थिकनेस (घन आतून पोकळ करणं) नेमके तिथेच अडकतात.

स्केचं

पहिलं स्केच एक्स-वाय प्रतलावर. ‘राउंडेड रेक्टँगल’ हे साधन केंद्रापासून काढायच्या पद्धतीने वापरा, ८ कडा आयत्या मिळतात. बाहेरचं माप १६४.८ × ६४.८, कोपऱ्याची त्रिज्या १२.४. त्रिज्येतही भिंतीची जाडी मिळवली आहे हे लक्षात घ्या. आतबाहेर दोन्हीकडे १० ठेवली तर बाजूंना भिंत २.४ राहते, पण कोपऱ्यात तिरकी मोजली की ३.४ मिमी भरते.

वर्तुळाचं स्केचही एक्स-वाय प्रतलालाच जोडा आणि डेटा टॅबमधल्या अटॅचमेंट ऑफसेटमध्ये झेडला १२० द्या, तेही स्प्रेडशीटमधून. लॉफ्टच्या किंवा पॅडच्या फेसवर स्केच टेकवू नका. फेसची नावं बदलून मॉडेल मोडण्याचा जुना त्रास १.० पासून बराच कमी झालाय, संपलेला नाही.

या स्केचमध्ये बंधनं (मापं आणि जागा पक्क्या करणाऱ्या अटी) देताना हमखास एक अडचण येते. आठही आर्कची केंद्रं उगमबिंदूवर आणून सगळी टोकं एकमेकांना जोडली की शेवटची जोडणी करताना स्केचर ‘रिडंडंट’, म्हणजे बंधन जास्तीचं झालं, अशी तक्रार करतो. कारण सात जोडण्यांनी सगळ्या त्रिज्या आधीच सारख्या झालेल्या असतात. म्हणून असं करा:

१. सात आर्कची केंद्रं उगमबिंदूवर आणा आणि लागून असलेली टोकं जोडा. ज्याला केंद्र द्यायचं नाही, तो कोपऱ्याचा एखादा आर्क ठेवा.
२. या आठव्या आर्कची फक्त दोन टोकं जोडा आणि त्याला दुसऱ्या कुठल्याही आर्कशी समान त्रिज्येचं बंधन द्या.
३. एकाच आर्कला त्रिज्या ४९.८ द्या.
४. उजव्या आणि डाव्या छोट्या आर्कची दोन टोकं एकमेकांशी व्हर्टिकल करा, वरच्या आणि खालच्या आर्कची हॉरिझॉन्टल. सिमेट्रिक वापरू नका, त्यानेही रिडंडंट येतं.
५. चारही छोट्या आर्कना ६ अंशांचा कोन द्या. एवढ्यात स्केच हिरवं होतं.

हे झालं की दोन्ही स्केचांच्या प्रती काढून आतली स्केचं बनवा: १६० × ६०, त्रिज्या १० आणि वर्तुळाची त्रिज्या ४७.४. प्रत काढण्याचा फायदा असा की कडांचा क्रमही तोच राहतो.

घन भाग आधी, पोकळी नंतर

बाहेरचा आयत १५ मिमी पॅड करा आणि ‘रिव्हर्स्ड’वर खूण करा, म्हणजे कॉलर खाली जाईल. मग तोच आयत निवडून ॲडिटिव्ह लॉफ्ट दाबा आणि ‘ॲड सेक्शन’ने बाहेरचं वर्तुळ घ्या. शेवटी ते वर्तुळ ४० मिमी वर पॅड करा. एकच स्केच दोन फीचरना वापरायला हरकत नाही. ते लपलेलं असेल तर झाडात (फीचरच्या यादीत) निवडून स्पेसबार दाबा.

आता पोकळी. आतल्या आयताचा पॉकेट ‘थ्रू ऑल’, तो आपोआप खाली जातो आणि फक्त कॉलर पोखरतो. दोन्ही आतल्या स्केचांमधून सबट्रॅक्टिव्ह लॉफ्ट. मग आतल्या वर्तुळाचा पॉकेट, आणि इथे ‘रिव्हर्स्ड’ विसरलात तर गंमत होते: ९४.८ मिमीचा दंडगोल खालच्या दिशेने सगळं भेदत जातो. तोंडाची आखूड बाजू जेमतेम ६० असल्याने लांब बाजूंच्या भिंतींना मोठी भगदाडं पडतात. तीनपैकी एखादी पोकळी करायची राहिली तर तिथे आडवा पडदा उरतो, आणि तो बाहेरून पाहताना चटकन लक्षात येत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे एकाच स्केचमध्ये आतली-बाहेरची दोन्ही वळणं (बंद रेषा) काढून थेट पोकळ लॉफ्ट करणं. प्रत्येक स्केचमध्ये आतल्या वळणांची संख्या सारखी असेल तर फ्रीकॅड ते करतो. स्केचं निम्मी होतात. पण बिघडलं तर आतलं वळण फसलं की बाहेरचं, हे कळायला मार्ग राहत नाही. किचकट आकारासाठी आधीचाच रस्ता बरा.

भिंत खरंच २.४ आहे का?

नाही. आपण जाडी आडव्या छेदात दिली आहे आणि भिंत तिरकी आहे. खरी जाडी म्हणजे आडवी जाडी गुणिले त्या कलाचा कोसाइन. आखूड बाजूंची भिंत ८० वरून ४७.४ वर येते, म्हणजे १२० मिमी उंचीत ३२.६ मिमी आत सरकते. कल १५.२ अंश, खरी जाडी २.३२ मिमी. हे चालेल. पण जागा नाही म्हणून उंची ५० मिमी केली तर कल ३३ अंशांवर जातो आणि भिंत २ मिमीच उरते. अशा वेळी आडवी जाडी वाढवून घ्या.

मोजण्यासाठी पार्ट वर्कबेंचमधलं ‘क्रॉस-सेक्शन्स’ वापरा, पण आडवा छेद घेऊ नका. त्यात तुम्हीच दिलेले २.४ परत दिसतील. एक्स-झेड प्रतलावर उभा छेद घ्या आणि भिंतीला काटकोनात मोजा.

थिकनेसने का नको?

घन आकार करायचा, वरखालचे फेस निवडायचे आणि थिकनेसने पोकळ करायचा, हे सगळ्यात सोपं वाटतं. चाललं तर जाडीही सगळीकडे खरी मिळते. त्यामुळे एकदा करून बघायला हरकत नाही. पण आतल्या बाजूने पोकळ करताना एखाद्या वळणाची त्रिज्या भिंतीच्या जाडीपेक्षा कमी असेल तर आत सरकवलेला पृष्ठभाग स्वतःलाच छेदतो आणि काम तिथेच थांबतं. लॉफ्टच्या पृष्ठभागावर अशी जागा डोळ्यांना दिसेलच असं नाही. कधी जोडप्रकार आर्कऐवजी इंटरसेक्शन केला की सुटतं. आज २.४ ला चाललेलं उद्या २.८ ला तुटू शकतं, आणि मग पॅरामेट्रिक मॉडेल करून काय मिळवलं?

कॉलरपाशी मोड नको असेल तर

दोन छेदांचा लॉफ्ट सरळ रेषेत जातो, म्हणून कॉलर आणि नळीशी जिथे जुळतो तिथे कोन पडतो. धुळीच्या कामाला तो चालतो. गुळगुळीत वळण हवं असेल तर पहिला विचार मनात येतो तो हा, की टोकाला तोच छेद ५ मिमी अंतरावर पुन्हा द्यावा. तसं करू नका. सगळ्या छेदांमधून एकच बी-स्प्लाइन (सलग गुळगुळीत वक्र) जाते. दोन छेद चिकटून आणि पुढचा लांब असला की ती मधे फुगते किंवा आत दबते.

त्याऐवजी मधे सारख्या अंतरावर तीन छेद द्या, ३०, ६० आणि ९० मिमी उंचीवर. उंचीचं प्रमाण य मानलं तर प्रत्येक माप ३य² − २य³ इतकं पुढे सरकवायचं. पाव उंचीला हे ०.१५६, अर्ध्यावर ०.५, पाऊण उंचीला ०.८४४ येतं. दोन्ही टोकांना चढ शून्य असल्याने लॉफ्ट कॉलरला जवळजवळ सरळ भेटतो. आतली अर्धी रुंदी (१६० च्या बाजूची), अर्धी उंची (६० च्या बाजूची) आणि कोपऱ्याची त्रिज्या अशी येते:

३० मिमीवर: ७४.९, ३२.७, १५.८
६० मिमीवर: ६३.७, ३८.७, २८.७
९० मिमीवर: ५२.५, ४४.७, ४१.६

तिन्ही छेद गोलावलेल्या कोपऱ्यांचे आयतच आहेत, म्हणजे कडा पुन्हा ८. बाहेरच्या छेदांसाठी प्रत्येक आकड्यात २.४ मिळवा. लॉफ्टच्या यादीत छेद खालून वर याच क्रमाने हवेत, एक जरी मागेपुढे झाला तर पृष्ठभाग स्वतःतून आरपार जातो. ‘रूल्ड’वर (छेदांमध्ये सरळ रेषा ठेवणारा पर्याय) खूण असेल तर काढा, नाहीतर प्रत्येक छेदापाशी पट्टे दिसतील. आणि मधल्या भागात कल आता २२ अंशांपर्यंत जातो, तिथे भिंत २.२ मिमी होते.

तरीही बिघडलं तर

लॉफ्ट पिळला असेल तर आधी दोन्ही स्केचांतल्या कडा मोजा. चुकून एखादी रेघ दोनदा काढलेली असते किंवा कुठेतरी शून्य लांबीचा तुकडा राहिलेला असतो. कडा सारख्या असूनही पीळ राहिला तर वर्तुळाचं स्केच पुन्हा काढा. आयत ज्या कडेपासून आणि ज्या दिशेने सुरू झाला, तिथूनच आणि त्याच दिशेने.

लॉफ्ट झाला, पण फिलेट बसत नाही? पार्ट वर्कबेंचमधलं ‘चेक जिऑमेट्री’ चालवा. स्वतःला छेदणारा फेस सापडला तर दोष फिलेटचा नाही, लॉफ्टचा आहे. फिलेट नेहमी झाडाच्या शेवटी ठेवा.

छापताना तोंड खाली, नळी वर. भिंतींचा कल उभ्यापासून २२ अंशांपलीकडे जात नाही, त्यामुळे आधार लागत नाहीत. ०.४ मिमीच्या रेघेने २.४ मध्ये बरोबर ६ रेघा बसतात आणि मधे भरण उरत नाही. एसटीएल (छपाईसाठीची फाइल) काढायचं असेल तर मेश वर्कबेंचमधून पृष्ठभागाचं विचलन ०.०५ मिमी ठेवून काढा, नाहीतर गोल नळीवर पैलू उमटतात आणि पाइप सैल-घट्ट बसतो. पूर्ण तुकडा छापण्याआधी नळीचा वरचा १० मिमीचा कडा तेवढा वेगळा छापून पाइपात घालून बघा.