गावातल्या बायकांपर्यंत पाळीसाठीचे कापडी पॅड आणि कप कसे पोहोचवावेत

पॅड विकत आणण्याआधी किंवा शिवायला घेण्याआधी गावातल्या बायकांसोबत बसा. सुरुवात पाण्यापासून करा. पाणी कुठून आणता, किती पुरतं, धुणं कुठे होतं, आतले कपडे कुठे वाळत घालता? धुवायला आडोसा आणि वाळवायला ऊन मिळत नसेल, तर चांगलं शिवलेलं पॅडही दमट राहतं, त्याला वास येतो, अंगाला खाज सुटते. अशा ठिकाणी पहिला खर्च न्हाणीचा आडोसा आणि दोरी यांवरच व्हायला हवा, पॅड नंतर. बैठक फक्त बायकांची ठेवा. मुलींशी वेगळं बोला, मोठ्यांसमोर त्या तोंड उघडत नाहीत.

ज्या बायका आधीपासून जुन्या सुती कापडाची घडी वापरतात, त्यांना ती सवय घाणेरडी आहे असं चुकूनही म्हणू नका. नीट धुतलेली, उन्हात खडखडीत वाळलेली घडी चांगलीच असते.

त्यानंतर नमुने मांडा, हाताळू द्या आणि निवड त्यांच्यावर सोडा.

कापडी पॅड गावातच शिवता येतं. वरचा थर मऊ सुती किंवा फ्लॅनेलचा, मध्ये शोषणारे तीन-चार थर, खाली ओल अडवणारं पीयूएल कापड आणि निकरखाली दुमडायच्या पंखांना टिच बटण. सुती कापड आटतं, म्हणून बेतण्याआधी धुऊन घ्या. माझा कल सगळे थर एकत्र शिवण्यापेक्षा सुट्या घडीच्या पॅडकडे आहे: बाहेर पातळ कव्हर, आत घालायची वेगळी घडी. उलगडली की ती साध्या रुमालासारखी दिसते. लवकर वाळते आणि दोरीवर घालायला संकोच वाटत नाही. जिथे ऊन आणि एकांत दोन्ही कमी, तिथे याच गोष्टीवर पॅड वापरात राहणार की नाही हे ठरतं.

कप म्हणजे योनीत बसवायची, पाळीचं रक्त साठवणारी छोटी वाटी. तो वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचाच घ्या. तो १२ तासांपर्यंत ठेवता येतो, नीट वापरला तर काही वर्षं टिकतो आणि त्याला पाणी कमी लागतं. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये ४३ अभ्यासांचा आढावा आला होता. त्यात कप सुरक्षित आढळला, पण सवय व्हायला काही पाळ्या जातात हेही दिसलं. घालण्या-काढण्याआधी साबणाने हात धुणं आणि काढताना तळाशी चिमटून हवा सोडणं, हे प्रत्येकीला दाखवा. प्रत्येक पाळीनंतर तो उकळावा लागतो. घरच्या स्वयंपाकाच्या भांड्यात कप उकळायला अनेकींना अवघड वाटतं, म्हणून सोबत एक छोटं पातेलं द्याच. तांबी बसवलेली असेल किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायला सांगा.

पॅडच्या संचात निदान सहा पॅड, दोन निकर, साबण, दोरी-चिमटे आणि वापरलेलं पॅड ठेवायची ओल न झिरपणारी पिशवी असावी. निकर विसरू नका, ती नसेल तर पंखांचं पॅड निरुपयोगी आहे.

देताना सगळ्यांसमोर एक पॅड प्रत्यक्ष धुऊन दाखवा: आधी गार पाणी, कारण गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. मग साबण, भरपूर खळबळणं आणि थेट ऊन. पावसाळ्यात सुट्या सुती घडीवर इस्त्री फिरवा. दर चार ते सहा तासांनी पॅड बदलायला सांगा. तासाभरात पॅड भिजत असेल किंवा वास, ताप, ओटीपोटात दुखणं असेल, तर दवाखाना गाठायचा, हेही इथेच सांगा. वाटपाचे फोटो काढू नका. कुणाला पाळीचं सामान मिळालं हे जगाला दाखवण्याचं कारण नाही.

पहिल्या पाळीनंतर परत जा, मग तीन महिन्यांनी. कोणतं पॅड पडून राहिलं, का राहिलं, ते विचारा आणि पुढची शिलाई त्यानुसार बदला. गावातल्या शिवणकाम येणाऱ्या एक-दोघींना मोबदला देऊन तयार करा. उसवलेलं शिवायला, बटण बदलायला आणि पॅड जीर्ण झाल्यावर नवीन द्यायला त्याच जवळ असतील. त्यासाठीचं कापड आणि पैसे पहिल्या वाटपाच्या वेळीच बाजूला काढा.