राउटरला हात न लावता घरच्या कॉम्प्युटरला काम सांगा

बाहेर असताना घरच्या कॉम्प्युटरवर बॅकअप सुरू करायचा असतो, पण त्यासाठी राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडा ठेवणं मला धोक्याचं वाटतं. ड्रॉपबॉक्ससारखं, इंटरनेटवरून आपोआप जुळत राहणारं फोल्डर फोनवर आणि घरच्या कॉम्प्युटरवर असेल तर तेवढ्यावर भागतं. लिनक्सवर मी असं करते:

१. त्यात 'निरोप' नावाचं फोल्डर करा.

२. घरच्या मशीनवर, पण ड्रॉपबॉक्सच्या बाहेर, एक छोटी स्क्रिप्ट (कमांडची फाइल) ठेवा आणि क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीने, दर मिनिटाला चालवा. 'निरोप'मध्ये 'बॅकअप' ही फाइल दिसली की स्क्रिप्टने आधी ती पुसायची, मगच काम सुरू करायचं. क्रम उलटा झाला तर काम संपेपर्यंत दर मिनिटाला नवा बॅकअप सुरू होतो.

३. फोनवरून त्या नावाची फाइल टाका. फोन कधीकधी नावाला '.txt' जोडतो, तेव्हा स्क्रिप्टमध्येही तेच पूर्ण नाव लिहा.

लॉगही (कामाची नोंद) स्क्रिप्टने 'निरोप'मध्येच लिहिला की काम झालं का ते फोनवर दिसतं.

जपायचं ते एवढंच: फक्त फाइलचं नाव बघा, आतला मजकूर कमांड म्हणून कधीही चालवू नका. नाहीतर ज्याच्या हाती तुमचा ड्रॉपबॉक्सचा पासवर्ड, त्याच्या हाती अख्खं मशीन.