दारूची आणि मनाच्या त्रासाची घरोघर पाहणी करताना

बीड-धाराशिवच्या खेड्यांत पाहणीला निघालेल्या नव्या पोरापोरींच्या हातात मी लगेच फॉर्म देत नाही. आधी विचारते, नवव्या प्रश्नाला कुणी ‘हो’ म्हणालं तर पुढं काय करणार?

पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजायची प्रश्नावली. तिच्यात गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न असतात. शेवटचा मरणाच्या, स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांचा. एकूण गुण २७, आणि १० किंवा त्याहून जास्त झाले की माणूस डॉक्टरला दाखवायचा. पण नवव्याला शून्य सोडून काहीही उत्तर आलं तर बेरीज करत बसू नका. फॉर्म बाजूला ठेवा आणि ऐका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो. चिठ्ठीवर लिहून देऊन उठायचं नाही, तिथंच बसून लावून द्यायचा. फवारणीचं औषध घरात कुठं ठेवलंय ते विचारा. त्या माणसाला ज्याच्यावर विश्वास आहे अशा भावकीतल्या कुणाला तरी, त्याला सांगूनच, बोलवा आणि डबे तिकडं हलवा. जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराची ओपीडी कधी असते, फोन कुणाला करायचा, हे गावात पाऊल टाकायच्या आधी ठरलेलं हवं. ते ठरलं नसेल तर हा प्रश्न विचारायचा आपल्याला अधिकार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

गावात कधी जाता यावरही बरंच अवलंबून आहे. दसरा-दिवाळीनंतर पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणीकडचे कोयते, म्हणजे तोडणी कामगारांच्या जोड्या, ऊसतोडीला निघून जातात. डिसेंबरात गेलात तर म्हातारी माणसं आणि मागं ठेवलेली लेकरं भेटतील, आणि ‘गावात दारू कमी’ असा खोटाच निष्कर्ष घेऊन याल. कारखाने बंद झाल्यावर, पेरणीच्या आधी जा. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली नसल्याचा घोरही तेव्हाच घरात असतो.

पारावर, ओट्यावर काही विचारू नका. आशाताईंनी घर दाखवावं आणि निघून जावं. त्या भल्या असतात, पण गावातल्याच असतात. सुनेशी बोलायचं असेल तर दोघींनी जा. एकीनं पुढच्या खोलीत सासूचा फॉर्म भरायचा, दुसरीनं मागं चुलीपाशी सुनेचा. बायांना तंबाखूबद्दल विचारताना मिसरीचं वेगळं विचारा, नाहीतर ‘नाही’ हेच उत्तर मिळेल.

दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ (AUDIT) नावाची प्रश्नावली वापरतो. दहा प्रश्न, ४० गुण, ८ पासून पुढं धोका. खरी अडचण दुसऱ्या प्रश्नाला येते, किती पिता? त्यातलं एक माप म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल. ‘थोडीच घेतो’ हे उत्तर लिहून घेऊ नका. घरातलाच पेला मागा आणि म्हणा, “मामा, जेवढी घेता तेवढं पाणी भरून दाखवा.” बहुतेक जण बोट लावून नेमकी रेघ दाखवतात. ते पाणी मापाच्या कपात ओता. बाटलीवर ४२.८ टक्के छापलं असेल तर ३० मिलीचं एक माप होतं, म्हणजे १८० ची क्वार्टर सहा मापांची. हातभट्टीवर काहीच छापलेलं नसतं, तिथं मिली लिहा आणि ‘हातभट्टी’ अशी नोंद करा, अंदाजानं टक्के टाकू नका. कुणी पिऊन बसला असेल तर त्याची संमती धरायची नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी परत जायचं.

सकाळी हात थरथरतात म्हणून घोट घेणाऱ्या माणसाला ‘उद्यापासून बंद करा’ असं चुकूनही सांगू नका. रोजची भरपूर दारू एकाएकी तुटली की झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. सोडायची इच्छा असेल तर दवाखान्यात, औषधांच्या आधारानं. व्यसनमुक्तीचा १४४४६ हा नंबर त्याला द्या. आणि घरच्यांना बजावून ठेवा की, दारू बंद झाल्यावर झटका आला किंवा माणूस बरळायला लागला, तर देवऋषाकडं न नेता आधी १०८ ला फोन करायचा.