ऑटिस्टिक मुलाला घरी शिकवायचंय? आम्ही कुलरपासून सुरुवात केली

आमचा मुलगा १५ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, आणि दोन वर्षांपासून घरीच शिकून राहिला. शाळेत काय झालं ते थोडक्यात सांगते, शेवटच्या बाकावर एकटाच बसवून ठेवायचे, डबा जसाचा तसा परत यायचा, आणि एक दिवस त्याने सकाळी बूट घालणंच बंद केलं. ज्यांच्या घरी आत्ता हाच विचार चालू आहे त्यांच्यासाठी लिहिते, कारण आम्हाला सुरुवातीलाच कोणी सांगितलं असतं तर निदान सहा महिने वाचले असते.

पहिलं म्हणजे शाळा सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी भिंतीवर टाइमटेबल लावू नका. आम्ही लावलं होतं, ९ ते १० गणित, १० ते ११ इंग्रजी, आणि पोरगा ९ वाजले की बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावायचा. तो इतका थकलेला होता की वही दिसली तरी अंग आकसायचं त्याचं. मग सगळं गुंडाळून ठेवलं आणि दोन महिने फक्त झोप, जेवण, अंघोळ आणि संध्याकाळी इथे नागपुरात फुटाळा तलावावर एक चक्कर, बस. तेवढ्या दिवसांत तुम्ही एक साधी वही करा, रात्री किती वाजता झोपला, कोणत्या आवाजाला कान झाकले, काय खाल्लं नाही आणि कोणी न सांगता कशाजवळ जाऊन उभा राहिला. शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची, कारण शिकवायला सुरुवात तिथूनच करायची आहे.

आमच्या वहीत एप्रिलभर एकच शब्द होता, कुलर. तुम्हाला माहीतच आहे आपल्याकडे मार्च संपला की घराघरात कुलर बाहेर निघतात, त्यांच्या गवताच्या ताट्या बदलतात, आणि हा गल्लीतल्या प्रत्येक कुलरसमोर उभा राहून पंपाचा आवाज ऐकायचा, टाकीतलं पाणी संपत आलं की आवाज बदलतो ते त्याला आमच्याआधी कळायचं. तेव्हा ठरवलं की पहिला धडा म्हणजे घरचा कुलर भरणं.

आता हे कसं शिकवलं ते नीट सांगते, कारण अंघोळ, दाढी, चहा करणं, कपडे घडी करणं, सगळं आम्ही याच पद्धतीने शिकवलंय. आधी मी स्वतः कुलर भरला आणि हाताने काय काय होतं ते लिहून काढलं. मला वाटलं चार गोष्टी असतील, निघाल्या अकरा. स्विच बंद, प्लग बाहेर, पायात रबरी चप्पल, मग झाकण, बादली, असं करत करत हात पुसून कोरडे, प्लग आत, पंप चालू. प्रत्येक गोष्टीचा फोटो काढला, आमच्याच कुलरचा आणि त्याच्याच हाताचा, नेटवरची कार्टून चित्रं त्याला आपली वाटतच नाहीत. फोटो छोटे प्रिंट करून लॅमिनेट केले, भोक पाडून दोरीत ओवले आणि कुलरजवळच्या खिळ्याला टांगले.

शिकवताना उलटीकडून सुरुवात करा. म्हणजे पहिल्या आठवड्यात सगळं मी करायची आणि शेवटचं पंपाचं बटण फक्त त्याने दाबायचं, लगेच गार हवा तोंडावर. काम पुरं झाल्याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळाला. ते पक्कं झालं की शेवटच्या दोन गोष्टी त्याच्या, मग तीन, आणि अकराच्या अकरा यायला पूर्ण उन्हाळा गेला, गेला तर गेला.

मधे एकदा सगळं बिघडलं आणि चूक माझी होती. मी म्हणाले, "थोडी रिकामी राहू दे टाकी." त्याने बादली खाली ठेवली आणि "थोडी किती? थोडी किती?" करत रडायलाच लागला, पाणी फरशीभर. त्या दिवशी मी टाकीला आतून लाल टेप लावला. "लाल पट्टीपर्यंत" म्हटलं की झालं. तेव्हापासून थोडं, जरा, नंतर, लवकर हे शब्द आम्ही घरात जपून वापरतो, "नंतर" ऐवजी "जेवण झाल्यावर" म्हणतो. आजीसुद्धा म्हणतात आता.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. कुलरचा शॉक लागून आपल्या विदर्भात दर उन्हाळ्यात लोकांचे जीव जातात. शिकवायच्या आधी इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घ्या, शॉक लागला की लाइन पाडणारा ब्रेकर बसवून घ्या, आणि प्लग काढल्याशिवाय टाकीला हात लावायचा नाही हा नियम सगळ्यांना सारखा, बाबांनासुद्धा. मुलं आपण काय करतो ते बघतात. तो भरताना आमच्यातलं एक जण अजूनही बाजूला उभं असतंच.

अभ्यास यातूनच निघाला. बादली १५ लिटरची, टाकी ६० ची, म्हणजे ४ बादल्या, मग अर्धी टाकी असेल तर किती. कुलर २०० वॅटचा, १० तास चालला तर २ युनिट, ते रोज मीटरच्या आकड्याशी ताडून बघायचं, त्यात दशांश अपूर्णांक आपोआप आले जे शाळेत तीन वर्षांत आले नव्हते. पावसाळ्यात कुलर काहून लागत नाही यावरून हवेतला ओलावा आणि बाष्पीभवन झालं. पंप जळला तेव्हा दुकानात काय विचारायचं ते त्याने मोबाइलवर टाइप केलं, आम्ही मेट्रोने सीताबर्डीला गेलो, सकाळी ११ वाजता, गर्दी नसताना, आणि त्याने दुकानदारभाऊंना स्क्रीन दाखवली. त्यांनी शांतपणे वाचून पंप काढून दिला. मी मागे उभी होते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुमच्या मुलाचं कुलर नसेल, बसचे नंबर असतील, झाडं असतील, क्रिकेटचे स्कोअर असतील, धागा तोच पकडा.

परीक्षेचं टेन्शन सगळ्यांना असतं. आम्ही एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त शाळेचं बोर्ड, घेतलंय. दहावीला वयाची १४ पूर्ण लागतात, पाच विषय, त्यात एक भाषा हवीच, मराठी माध्यमही मिळतं. खरा फायदा असा की एकदा रजिस्ट्रेशन केलं की ते पाच वर्षं चालतं आणि एकेक विषय करून पास होता येतं. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एंट्री असे विषयही आहेत. स्टेट बोर्डच हवं असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, पण आमच्या मुलाला सगळे पेपर एका दमात झेपले नसते.

कागदपत्रं आत्ताच करून टाका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असं सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, असलं की परीक्षेत लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ मागता येतो. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना बघा, वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर आहे आणि थेरपीचा काही खर्चही बसतो. आणि १८ पूर्ण झाले की कायद्याने आईबाप आपोआप पालक राहत नाहीत, गरज असेल तर कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे गार्डियनशिपचा अर्ज करावा लागतो, तेव्हा सतराव्या वर्षीच चौकशी सुरू करा.

वयात येण्याबद्दल बोलायला लाजू नका, आमच्याकडे हे बाबांनी घेतलं. दाढीचे वेगळे फोटो, आणि नियम एकदम सरळ, कपडे बदलणं आणि स्वतःच्या शरीराला खाजगी जागी हात लावणं फक्त आपल्या खोलीत, दार बंद करून. दार बंद असेल तर आम्हीही टकटक करूनच जातो. त्याच्या दाराचा मान आपण राखला तरच तो दुसऱ्यांच्या दाराचा राखेल ना.

कधी कधी त्याला सगळंच असह्य होतं, किंचाळतो, स्वतःच्या हाताला चावतो. हा हट्ट नाहीये बाप्पा, तेव्हा समजवायला जाऊ नका. लाइट बंद, टीव्ही बंद, बाकीचे दुसऱ्या खोलीत, एक जण थोडं लांब खाली बसलेलं, तोंडातून एकही शब्द नाही. अर्धा तास लागतो कधी. नंतर पाणी आणि झोप, त्या दिवशी अभ्यासाचं नाव काढायचं नाही. त्याच्या दुसऱ्या आजीचं घर महाल भागात आहे, पोळ्याला जातो पण मारबतच्या मिरवणुकीच्या आदल्या रात्री परत येतो, तो आवाज त्याला सहनच होत नाही. पाहुण्यांना वाईट वाटलं तर वाटू दे.

घरातल्या आजी आधी म्हणायच्या, दोन फटके दिले असते तर सुधारला असता. मी वाद घातला नाही, त्यांना काम दिलं. रोज ४ वाजता तो त्यांच्यासोबत सांबार म्हणजे कोथिंबीर निवडतो, जुडी सोडायची, पिवळी पानं एकीकडे, दांड्या एकीकडे, आणि दोघं जण एक शब्द न बोलता अर्धा तास बसतात. आता तो दोन मिनिटं उशिरा आला तर त्याच हाक मारतात. लेक ११ वर्षांची आहे, तिला रविवारी सकाळ आम्ही पूर्ण देतो, तर्री पोहे खायला बाबा आणि ती दोघंच, भाऊ नाही, भावाचा विषयही नाही. हे तिनेच मागितलं होतं, रडत. आणि ताई, स्वतःसाठी आठवड्यातून दोन तास ठरवून घ्या, नवऱ्याला सांगून, घराबाहेर.

यंदा ऑक्टोबरला त्याचा पहिला पेपर आहे, डेटा एंट्रीचा. सेंटर दोनदा बघून आलोय, गेट, जिना, संडास, पंखा कुठे आहे सगळ्याचे फोटो काढलेत, आणि ते फोटो त्याने कालच नव्या दोरीत ओवून कुलरच्याच खिळ्याला टांगलेत.