आगोट भरली, तरी तयारी अर्धीच: कोकणातल्या घरांनी आणि वाड्यांनी या चुका टाळा

मे महिना सरत आला की आमच्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, घाई उडते. सुकी मासळी, कुळथाचं पीठ, मीठ-मसाला डब्यांत जातं, लाकूडफाटा पडवीत रचला जातो, घर शाकारून होतं. चार महिने पाऊस कोसळणार हे धरून जगण्याची सवय आपल्या अंगात मुरली आहे. म्हणूनच "आम्हाला काय पावसाचं सांगता" असं आपण चटकन म्हणून मोकळे होतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. आमची वाडी दापोली तालुक्यात. माड-पोफळी आडव्या झाल्या, आणि वीज यायला तीन आठवडे लागले. घरात कुळीथ भरपूर होते, पण सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी चार दिवसांची होती, रस्ता झाडांनी बंद होता आणि फोन मुके. तेव्हापासून मी या विषयात लक्ष घालते आहे. आपल्या घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका इथे लिहिते.

भिंतीवरच्या जुन्या खुणेवर भिस्त

नदीकाठच्या गावांत जुन्या पुराची खूण भिंतीवर असते. "२००५ ला इथवर आलं होतं, त्याच्या वर काही येत नाही," असं म्हणून सामान त्या खुणेच्या हातभर वर ठेवतात. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात अनेकांची ती खूण पाण्याखाली गेली.

पूर एकट्या पावसाचा नसतो. चिपळुणात वाशिष्ठीला घाटातलं पाणी येतं, कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी कोळकेवाडी धरणामार्गे येतं, आणि खाली खाडीत भरती असेल तर हे सगळं पाणी समुद्रात शिरायला जागाच उरत नाही. त्या दिवशी आषाढ शुद्ध त्रयोदशी होती, म्हणजे उधाणाचे दिवस जवळ आलेले. जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. तेरा गुणिले पाऊण म्हणजे पावणेदहा. सकाळी एकदा, रात्री एकदा. खाडीत आत जाल तशी थोडी उशिरा. हिशेब ढोबळ आहे, पण रात्री मुसळधार पाऊस लागला आणि तिथी अमावास्या-पौर्णिमेजवळची असली, तर सकाळच्या भरतीची वाट न बघता आधीच हलायचं, एवढं त्यावरून नक्की कळतं. हे गणित घरातल्या मुलांना शिकवा.

सामान खुणेच्या वर नव्हे, पोटमाळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर जायला हवं. आणि सामानाच्या आधी माणसं. "टीव्ही तेवढा वर ठेवतो" म्हणत थांबलेल्यांचा जिना पाण्यात जातो.

डोंगर बोलतो, आपण ऐकत नाही

२००५ च्या जुलैत महाड तालुक्यात दासगाव, जुई इथे दरडी कोसळल्या. २०२१ मध्ये तळिये. २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी, तीही रात्री. दरड कोसळण्याआधी बरेचदा खुणा दिसतात: अंगणाला किंवा शेताच्या बांधाला नवी भेग, कलंडलेली झाडं, एकाएकी घट्ट बसणारी दारं, जिथे कधी पाणी नव्हतं तिथून फुटलेला झरा, स्वच्छ पऱ्याला (ओढ्याला) अचानक आलेला गढूळ लोंढा. प्रत्येक वेळी खुणा मिळतीलच असं नाही. म्हणून सलग दोन-तीन दिवस अतिवृष्टी झाली, तर उताराखालच्या घरांनी उजेड असतानाच बाहेर पडावं.

इथे दुसरी चूक होते ती जागेची. वाडीचं देऊळ किंवा शाळा त्याच डोंगराच्या कुशीत असते आणि लोक तिथेच जमतात. निवाऱ्याची जागा दुसऱ्या बाजूला, उतारापासून लांब हवी, आणि तिथे जाताना वहाळ ओलांडावा लागता कामा नये. साकवावरून (छोट्या पुलावरून) पाणी जात असेल तर तो ओलांडूच नका, मग तो कितीही ओळखीचा असो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल गेला, तेव्हा अंधारात गाड्या नेहमीच्याच रस्त्याने येत होत्या.

वारा पडला म्हणून बाहेर येणं

वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा मधला शांत भाग, डोक्यावर आला की सगळं शांत होतं. काही वेळा ऊनही पडतं. लोक आगरात काय काय पडलं ते बघायला जातात, आणि मग उलट्या दिशेने वारा सुटतो. पहिल्या वाऱ्याने अर्धवट उपटलेले माड या दुसऱ्या वाऱ्यात पडतात. वादळ गेलं असं हवामान खात्याने सांगेपर्यंत माजघरातच बसा. पडवी आणि पत्र्याची शेड ही बसायची जागा नव्हे. घरावर झुकलेल्या माडाचे नारळ आणि सुकलेल्या झावळ्या मे महिन्यातच उतरवा. पत्र्यांचे हूक तपासा, सुटे पत्रे अंगणात ठेवू नका.

फुटलेली कौलं बदलायला ओल्या छपरावर लगेच चढू नका. दोन दिवस ताडपत्री पुरते. तुटलेली तार मेलेली आहे असं कधीच धरू नका. कोणी इन्व्हर्टर किंवा जनरेटर लावलेला असतो आणि त्याची वीज उलटी येऊन तार जिवंत होते. जनरेटर बंद खोलीत किंवा पडवीत चालवू नका, त्याचा धूर वास न येताही जीव घेतो.

सगळा भरवसा मोबाईलवर

मनोऱ्याची बॅटरी काही तासांची असते. वादळानंतर मुंबईतल्या मुलांना गावच्या आईबापांचा पाच-सहा दिवस पत्ता नव्हता, आणि इकडे म्हातारी माणसं मुलं काळजी करतील म्हणून झुरत होती. यावर उपाय साधा आहे. बाहेरगावच्या एका नातेवाइकाचा नंबर ठरवा. गावात ज्याला रेंज सापडेल त्याने सगळ्यांची खुशाली त्या एकालाच कळवायची. फोन लागत नसला तरी साधा मेसेज बरेचदा जातो. नंबर कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा, कारण आज कोणालाच मुलाचाही नंबर पाठ नसतो. सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर घरात हवाच.

पाणी ओसरल्यावर

माझ्या मते सर्वांत जास्त चुका इथेच होतात, कारण माणसं थकलेली असतात. पहिली चूक म्हणजे चिखल धुऊन काढणं, मग फोटो आठवणं. आधी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे, पडलेल्या झाडांचे फोटो काढा, तलाठ्याचा पंचनामा त्यावर सोपा होतो. सातबारा, रेशनकार्ड, पासबुक, आधार यांच्या प्रती पिशवीत बंद करून एक संच मुंबईच्या घरी ठेवा.

पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीचं पाणी निवळलं म्हणून पिऊ नका. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. विहीर उपसून आरोग्य सेवकाकडून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून घ्या. एरवीच्या शुद्धीकरणाचं माप हजार लिटरला अडीच ग्रॅम, आणि टाकल्यावर तासभर थांबायचं. बुडालेल्या विहिरीला जास्त लागतं, ते त्यांनाच ठरवू द्या. तोवर उकळलेलंच पाणी.

चिखलात अनवाणी उतरू नका. पायाला जखम असेल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. ताप, पोटऱ्या दुखणं, लाल डोळे दिसले तर अंगावर काढू नका. फुरसं, घोणस, मण्यार याच वेळी कोरड्या जागेला, म्हणजे लाकडांच्या ढिगात आणि अंथरुणात येतात. साप चावला तर कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. हातपाय हलू न देता प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्या. ते कुठे आहे हे आज विचारून ठेवा.

घराची तयारी झाली, वाडीची नाही

जुलैत आपल्या वाड्यांत राहतं कोण? बहुतेक घरांत दोन म्हातारी माणसं, किंवा एकच. तरणी माणसं मुंबईला. त्यामुळे आपत्तीची सभा गणपतीत ठेवण्यात अर्थ नाही, तोवर अर्धा पावसाळा उलटलेला असतो. ती मे महिन्यात घ्या, चाकरमानी गावात असताना. एक वही करा: अंथरुणाला खिळलेलं कोण, गरोदर कोण, डायलिसिसवर कोण, इन्सुलिन कोणाला लागतं, कोणाला ऐकू येत नाही. दुसऱ्या पानावर लाकूड कापायचा कटर, होडी, दोरखंड, ट्रॅक्टर, जनरेटर कोणाकडे आहे. निसर्गनंतर आमचा रस्ता मोकळा झाला तो दोन कटर आणि वाडीतल्या कोयत्यांनी. प्रत्येक एकट्या म्हाताऱ्या माणसामागे शेजारचं एक घर नावानिशी ठरवा. "सगळे बघतील" म्हटलं की कोणीच जात नाही.

वहीच्या पहिल्या पानावर नंबर: तातडीच्या मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, समुद्रात अडकलेल्यांसाठी तटरक्षक दलाचा १५५४, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७. मुंबईहून १०७७ लावताना आधी गावच्या जिल्ह्याचा कोड लागतो: रत्नागिरी ०२३५२, सिंधुदुर्ग ०२३६२, रायगडसाठी अलिबागचा ०२१४१. नाहीतर फोन तुमच्याच जिल्ह्यात वाजेल.